दुभाषी ओळींचा निवाडा

सीमाभागातील ज्या निपाणीत तंबाखूच्या वखारीतील हिशेब मराठीत, सरकारी नोटीस कानडीत आणि भांडण दोन्ही भाषांत चालते, तेथे लग्नाच्या आमंत्रितांची यादी एकाच लिपीत जमा होईल अशी आशा बाळगणे व्यर्थ होय. पुतण्याच्या विवाहाच्या पत्रिका दोन भाषांत काढण्याचे ठरले आणि यादीतील मराठी ओळी संगणकाच्या एका हुकुमाकडे, कानडी ओळी दुसऱ्या हुकुमाकडे रवाना करून दोहोंची पाकिटे छापून घेण्याची कामगिरी मजवर आली.

एका हुकुमाचे उत्पन्न दुसऱ्याच्या पदरात घालणारी 'पाइप' ही उभी रेघ डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहाखातर केन टॉम्पसन यांनी 1973 साली युनिक्स या संगणक-प्रणालीत आणली. परंतु ती प्रवाहाला एकच वाट देते. दोन वाटा हव्या असतील तर 'टी' नामक हुकूम अवघ्या प्रवाहाची नक्कल दोन्हीकडे पोहोचवतो. 1977 चा 'ऑक' मात्र नेमून दिलेला नियम पाहून प्रत्येक ओळ ज्या त्या दप्तरी दाखल करतो. मी अर्थातच ऑकची नेमणूक केली. अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-8 या व्यवस्थेत देवनागरी आणि कानडी, दोन्हींची चिन्हे तीन-तीन बाइटांची असतात. त्यांचा पहिला बाइट समाईक असून फारकत दुसऱ्यापासून होते, हे पाहून माझ्या मनात राष्ट्रीय ऐक्याचे उदात्त विचार आले. देवनागरी चिन्ह दिसताच मराठी पत्रिका, एरवी कानडी, असा मी फतवा काढला.

परिणामी, ज्या चिकोडीच्या आत्याबाईंनी नाव मराठीत आणि पत्ता कानडीत कळवला होता, त्या मराठी दप्तरात गेल्या. नियमांचा क्रम उलटा करताच त्याच कानडीत गेल्या. ज्याचा नियम अगोदर, त्याची मालकी! कहर म्हणजे नावाआधी श्रीकार घालून त्याच्या दोन्ही बाजूंस दुहेरी दंड देणारे एक निव्वळ कानडी गृहस्थ मराठी ठरले; कारण अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडने तो दंड अनेक भारतीय लिप्यांसाठी देवनागरीच्याच हद्दीत ठेवला आहे.

पुतण्या म्हणाला, "काका, आत्याला दोन्ही पत्रिका द्या की! इथं आयोगाचं काय चाललंय?"

पोराचे म्हणणे खरे होते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी 1966 साली नेमलेल्या महाजन आयोगाने दुसऱ्या वर्षी गावांची वाटणी सुचवली. महाराष्ट्राने ती अमान्य केली आणि 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा गुदरला. मग एका कारकुनी नियमाने आत्याबाईंचा निकाल कसा लागावा? मी ऑकला रजा दिली, टीला पाचारण केले, दोन्ही वाटांवर 'ग्रेप' हा ओळी निवडणारा एकेक हुकूम पहाऱ्यास बसवला आणि त्या दंडास पुराव्यातून बाद केले. आता निव्वळ मराठी ओळ एका दारातून, निव्वळ कानडी दुसऱ्यातून आणि दुभाषी ओळ दोन्हींतून सन्मानाने बाहेर पडते.

छपाईचा खर्च किंचित वाढला, हे मान्य. पण सीमाभागात लग्न काढणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच की, कागद दोन गेले तरी चालतील, माणूस एकाच दप्तरात कोंबण्याच्या भरीस पडू नये.