अलका कोणाची सून?

"मावशी, त्या अलकाचं काहीच चुकलं नाही, मी सांगते."

"असं कसं? नवऱ्याचे दिवस फिरले की माहेर गाठायचं, हा काय न्याय झाला?"

आमची भिंत कमरेएवढी. इकडं मी, तिकडं मावशी, आणि मावशींच्या सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या. त्यांनी कान टवकारले. "कोणाची सून गं ही? तीर्थपुरीची का कुंभार पिंपळगावची?"

अलका कुठलीच नाही. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास' कादंबरीतली आहे. कादंबरी २००२ची, साहित्य अकादमीचा पुरस्कार २००४चा, आणि मी वाचून संपवली परवा! उशीर झाला खरा, पण लेखक आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातला, त्यामुळं त्यातलं काहीच परकं वाटत नाही. एकनाथ एम.ए., बी.एड. नोकरीला संस्थेत पैसे मोजावे लागतात, ते नाहीत. मग आहेच शेती, आणि शेतीचं काय चाललंय ते आपल्याला कोणी सांगायला नको. अलकानं शिकलेला नवरा बघून माप ओलांडलं, वाट्याला आलं शेणमातीचं घर. सगळे एकनाथासाठी हळहळतात. मी म्हणते, पोरगी देताना 'आज ना उद्या मास्तर होईल' असं सांगणारे कोण होते? त्यांना विचारा ना!

मावशींना पटलं नाही. त्यांच्या मते निदान सुगीपर्यंत तरी थांबायचं होतं. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "सासू कशी होती तिची?" बघा, आजींनी थेट नसेवर बोट ठेवलं.

तेव्हापासून माझी पुस्तकाची परीक्षा ठरून गेली. ज्यातल्या माणसांची भिंतीवरून उणीदुणी काढता येतात, ते पुस्तक चांगलं. पुरस्कार बिरस्कार नंतर.

या परीक्षेत एक फार मोठं नाव नापास झालं. रागावू नका. 'एक होता कार्व्हर'. वीणा गवाणकरांचं १९८१चं पुस्तक. शाळेत बक्षीस म्हणून, लग्नामुंजीत आहेर म्हणून, महाराष्ट्रात घरोघर पोचलंय. गुलामीत जन्मलेलं पोर शिकतं काय, १८९६ला टस्कीगीच्या संस्थेत येऊन बसतं काय, आणि कापूस घेऊन घेऊन रोड झालेल्या जमिनीत भुईमूग, चवळी, रताळी लावायला सांगतं काय. वाचताना ऊर भरून येतो. पण तो माणूस कधी चिडत नाही, चुकत नाही, कोणाशी भांडत नाही. त्याच्याबद्दल बोलायचं तरी काय? मावशींच्या दिराला गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, "मग आपण कपाशीत तुरीचे तास टाकतोच की. तुरीच्या मुळ्यांवरच्या गाठी रानाला नत्र देतात, हे आमच्या बापालाबी ठाऊक होतं." बापाला नत्र हा शब्द ठाऊक नसेल, पण तूर ठाऊक होती. तरी पुस्तक मी त्यालाच दिलं. जो माणूस सलग ऊस लावायच्या गोष्टी करतो, त्यानं कार्व्हर वाचलेला बरा.

आता खरा मसाला ऐका. दोन शिंप्यांच्या कादंबऱ्या मी पाठोपाठ वाचल्या, आणि दोन्ही मराठवाड्यातल्या. पहिली रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा', १९७१ची. बोराडे सर लातूरकडचे, २०२५च्या फेब्रुवारीत गेले, तेव्हा बातमी वाचून मी कपाटातून पुस्तक काढलं. दुसरी तुळजापूरच्या देवीदास सौदागरांची 'उसवण', जिला २०२४चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. लेखक स्वतः शिवणकाम करणारा. 'पाचोळा'तल्या गंगाराम शिंप्याला गावातली बडी माणसं आणि त्याचा स्वतःचा ताठा नडतो. 'उसवण'मधल्या शिंप्याला कोणी दुश्मनच नाही. रेडिमेडचं दुकान थाटणारा काही त्याच्या वाईटावर टपलेला नसतो. पण गिऱ्हाईक तिकडं जातं, मशीन बसून राहते. गंगारामाला निदान शिव्या द्यायला माणूस तरी होता!

मावशींचा धंदाच शिवणकामाचा, त्यामुळं त्यांना दोन्ही गोष्टी बारकाव्यानं सांगितल्या. त्या बॉबिन भरत ऐकत होत्या. दोरा तुटला तशा म्हणाल्या, "शर्टपँटी गेल्या, खरंय. पण ब्लाऊज कुठं गेलं? बाईच्या मापाचं ब्लाऊज रेडिमेडमध्ये मिळतं का? आणि रेडिमेडच्या पँटी आखूड करायला माणसं माझ्याकडंच येतात. पिको-फॉल आहे, अस्तर आहे. गड्याचा धंदा बसला, बाईचा चालू आहे. हे लिहिलंय का कोणी?"

"त्या पुस्तकाचा रोख तिकडं नाही, मावशी."

"मग लिहा म्हणावं पुढच्यात."

आणि लगेच दुसरा टाका घातला, "त्या गंगारामाची बायको काय करत होती?"

मी सांगितलं, 'पाचोळा'ची सगळी गोष्ट तीच सांगते. पारबती. आपल्याच बोलीत, जसं आपण बोलतो तसं. नवरा मोडेन पण वाकणार नाही अशा जातीचा, आणि त्याच्या ताठ्याची किंमत मोजते ती. म्हणून मला दोन्हींत 'पाचोळा' काकणभर सरस वाटते. 'उसवण' वाचून शिंप्याची कीव येते. 'पाचोळा' वाचून गंगारामाचा राग येतो, पाठोपाठ अभिमान वाटतो, आणि या माणसाशी संसार केलेल्या बाईच्या पाया पडावंसं वाटतं.

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढी बोलकी बाई, तिनं मशीन का नाही हातात घेतली? नवरा गावाशी भांडत बसला असता, हिनं चार झंपरं शिवली असती."

समीक्षकांनी या कादंबरीवर पुष्कळ लिहिलं असेल, पण हा सवाल मावशींचाच. १९७१च्या खेड्यात शिंप्याची बायको दुकानात मशीनवर बसली असती, तर गावानं काय म्हटलं असतं, यावर आमचा पुढचा अर्धा तास गेला. सासूबाई म्हणाल्या, "म्हटलं असतं. आणि दिवाळीला तिच्याकडंच शिवायला टाकलं असतं."

आता कृष्णात खोतांची 'रिंगाण' आणायची आहे, २०२३च्या साहित्य अकादमीची. धरणात गाव गेलं, म्हैस मागं राहिली, आणि तिला आणायला निघालेल्या माणसाची गोष्ट. एवढं ऐकून मावशी म्हणाल्या, "म्हशीबद्दल मला कोणी पुस्तकातून सांगायची गरज नाही. पण आण. त्यानं कुठं चुकीचं लिहिलं असलं, तर कळायला पाहिजे ना!"