सहभाग, चहा-बिस्किटांसह

शहराच्या भवितव्याची काळजी वाटू लागली की आपल्याकडे आधी एक सभागृह आरक्षित होते. व्यासपीठावर साठी उलटलेले सहा मान्यवर, समोर हजेरीच्या धाकाने आलेले दोनशे विद्यार्थी, मागे भलामोठा फ्लेक्स: ‘स्मार्ट आणि शाश्वत शहर – युवकांच्या नजरेतून’. मान्यवर दोन तास बोलतात. युवकांच्या नजरेसाठी शेवटची सात मिनिटे राखलेली असतात. आभारप्रदर्शन लांबले तर तीही जातात.

त्या सात मिनिटांत एखादी मुलगी उठून म्हणते, ‘बस वेळेवर यावी आणि फुटपाथवरून चालता यावं.’ परीक्षक हळहळतात. मुलगी हुशार आहे हो, पण यात नावीन्य काय? बक्षीस जाते ते बस येणार नाही हे आधीच कळवणाऱ्या ॲपला.

पुण्याला याचा अनुभव दांडगा. जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत पुणे भुवनेश्वरखालोखाल दुसरे आले. 25 जूनला पंतप्रधानांनी बालेवाडीत कामांचा शुभारंभ केला. शहरात स्मार्ट करण्यासाठी निवडला तो औंध-बाणेर-बालेवाडीचा भाग, म्हणजे जिथे आधीच बरे चालले होते तिथेच. 2017 च्या अखेरीस भाड्याच्या सायकली आल्या. पोरांनी त्या चालवल्या, कोणीतरी मोडल्या, आणि काही काळाने त्या दिसेनाशा झाल्या. सायकल मार्ग मात्र उरले. दुचाकी लावायला उत्तम सोय आहे.

पण युवा सहभागाचा पुण्यातला सर्वांत मोठा प्रयोग वेगळाच. महापालिकेची निवडणूक 21 फेब्रुवारी 2017 ला झाली. मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि प्रशासक आले. राज्यघटना म्हणते की मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या. पण ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात होता आणि प्रभाग तीनचा की चारचा, यावर सरकारागणिक मत बदलत होते. 2017 ला सतरा वर्षांचा असलेला, मतदान थोडक्यात हुकलेला मुलगा डोळ्यांसमोर आणा. त्याची पदवी झाली, नोकरी लागली, केस विरळ होऊ लागले. मधल्या काळात दिल्लीचे सरकार निवडायला त्याने दोनदा मत दिले, मुंबईचे निवडायला दोनदा. दारासमोरच्या गटाराबद्दल मात्र त्याला कोणी विचारले नाही. हाच मुलगा या वर्षांत किती हॅकेथॉनना गेला, हे त्याच्या घरातल्या टी-शर्टांवरून मोजावे. साखरपुडा उरकल्यावर मुलीची पसंती विचारतात, तशी त्याची मते घेतली जात होती. स्मार्ट सिटी अभियान 31 मार्च 2025 ला संपले, तेव्हाही महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता.

मग सूचना तरी पाठवाव्यात? तेही करून झाले आहे. 2020 मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्यावर केंद्राने हरकती मागवल्या. ‘फ्रायडेज फॉर फ्यूचर’च्या मुलांनी त्या खरोखरच पाठवल्या, त्याही इतक्या की मंत्र्यांचा इनबॉक्स भरून वाहू लागला. मंत्री आपले पुणेकर, प्रकाश जावडेकर. तक्रार झाली, आणि दिल्ली पोलिसांची नोटीस निघाली ती यूएपीएखाली, म्हणजे दहशतवाद्यांना लावतात त्या कायद्याखाली. ती चुकून गेली, असा खुलासा करून पुढे मागे घेतली गेली. एवढ्या गांभीर्याने तरुणांची मते याआधी क्वचितच कोणी वाचली असतील. 2023 मध्ये वेताळ टेकडीसाठी आणि नदीकाठच्या झाडांसाठी पुण्यातली मुले रस्त्यावर आली, त्यांना मात्र कोणी प्रमाणपत्रे वाटली नाहीत. विकासाला विरोध हा सहभागात मोडत नसावा.

अखेर 15 जानेवारी 2026 ला निवडणूक झाली आणि तो सतरा वर्षांचा मुलगा पंचविशी ओलांडून पहिल्यांदा नगरसेवक निवडायला रांगेत उभा राहिला. पुढची निवडणूक नियमाने 2031 च्या सुरुवातीला यायला हवी. तरुण वाचकांनी वर्ष डायरीत लिहून ठेवावे, फक्त पेन्सिलीने.