उजवा हात पुढे!

२६ जून, जागतिक अमली पदार्थविरोधी दिन. बाहेर शाळांच्या फेऱ्या आणि तुरुंगात शपथ. बंदी रांगेत उभे, उजवा हात पुढे, 'मी कोणत्याही अमली पदार्थाचे सेवन करणार नाही.' फोटो, टाळ्या, चहा.

आता गंमत बघा. तुरुंगाचे साहेब छातीठोकपणे सांगतात, आमच्याकडे काडीपेटीसुद्धा आत येत नाही. येत नाही म्हणजे नशा नाही. नशा नाही म्हणजे व्यसनी नाही. व्यसनी नाही, तर उपचार कोणावर करायचे? शपथ मात्र हवीच! आमच्या माण गावच्या रस्त्यावर संध्याकाळी सहाला जाममध्ये रुतलेल्या माणसाकडून 'मी भरधाव गाडी चालवणार नाही' असं लिहून घेण्यातला हा प्रकार.

माझं लक्ष त्या उजव्या हातावर आहे. सगळे हात ताठ. शेवटच्या रांगेतला एक थरथरतोय. परवाच आत आलेला. रोजची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत हात कापतात, भास होतात, झटके येतात. वेळेवर औषध नाही मिळालं तर माणूस दगावतो. बराकीत त्याचं निदान ठरलेलं: 'नाटकं करतोय.' हात कापला की फोटो हलतो, म्हणून त्याला मागे ढकलायचं. झाले उपचार!

टपरीमागे गांजाच्या पुडीसह सापडलेल्या पोराला १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातली शिक्षा तोंडपाठ होते. त्याच कायद्याचं कलम ३९ मात्र त्याला कोणी सांगत नाही: सेवनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाची तयारी असेल, तर न्यायालय शिक्षेऐवजी त्याला उपचारासाठी सोडू शकतं. कलम ६४अ तर स्वतःहून उपचार घ्यायला जाणाऱ्याला खटल्यातून सूट देतं. शपथ पाठ करून घेता, मग ही दोन कलमं वाचून दाखवायला काय धाड भरते? आणि गर्दचं, म्हणजे हेरॉइनचं, व्यसन असलेला तुरुंगातून सुटतो तेव्हा काय? आत राहून शरीराची सवय मोडलेली असते, डोक्यातली तलफ शाबूत. बाहेर पडल्यावर तो जुन्याच मापाने घेतो आणि त्यातच जातो. सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यांत घातक, हे डॉक्टर कानीकपाळी ओरडून सांगतात. पण त्याच्या हाती ना औषध, ना उपचार केंद्राची चिठ्ठी.

डॉक्टर परवडत नसेल, तर शपथेत एक ओळ तरी वाढवा: 'मी मेलोच, तर तुरुंगाच्या हद्दीबाहेर मरेन.' नोंदवही कोरी राहील.