केसभर आऊट

छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या एखाद्या जुन्या रो-हाऊसच्या ओट्यावर सकाळी सायकल डोक्यावर उभी दिसली, सीट-हँडल फरशीला आणि चाकं आभाळाला, की समजावं इथे ‘ते’ काका राहतात. अशा काकांची शहरात वाण नाही. वाळूजच्या कंपनीतून निवृत्त, पेन्शन जेमतेम. पण पान्यांचा संच असा की गॅरेजवाल्यानं उसना मागावा.

सायकल नव्वदच्या दशकातली रेंजर, म्हणजे देशी माउंटन बाईक. माउंटन बाईकचा जन्म सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या टॅमलपाइस डोंगरावर झाला. तिथली पोरं जुन्या दणकट सायकली घेऊन उतारावरून स्वतःला सोडून द्यायची. आपल्याकडे पोचेपर्यंत बहुतेकींचे गिअर वाटेतच गळाले. जाड टायर आणि सरळ हँडल तेवढं आलं. काकांच्या सायकलीनं आजवर एकच पर्वत सर केलाय, जालना रोडवरचा सेव्हन हिल्सचा उड्डाणपूल.

बाकी सारी हयात खड्ड्यांत गेली. रिमवरच्या प्रत्येक पोच्याचा पत्ता काकांना पाठ आहे. “हा मोंढा नाक्याचा. हा औरंगपुऱ्याचा, ऐन पावसाळ्यातला. हा पैठण गेटचा, पण त्यात चूक म्हशीची होती.” 2023 मध्ये शहराचं नाव बदललं, काकांनी रिम बदलली नाही.

चाकाचा आऊट काढण्याचा विधी सोवळ्यात चालतो. चिमट्याला खडू टेकवून काका चाक फिरवतात. रिम जिथे बाहेर आली असेल तिथे खडूची रेघ उमटते. मग त्या बाजूचा स्पोक पाव फेरा सैल, समोरच्या बाजूचा पाव फेरा घट्ट, आणि पुन्हा चाक गरगर. स्पोक छत्तीस, एकाला हात लावला की शेजारचे दोन रुसतात. कड दुमडली असेल तर फडकं गुंडाळून स्क्रू पान्यानं हळूहळू सरळ करायची. रिम आत बसली असेल तर तिथले स्पोक सैल करून आतून लाकडाचा ठोकळा लावायचा आणि हातोडी. मधूनच काका स्पोक छेडून कान लावतात, तंबोरा जुळवावा तसे. आतून काकू ओरडतात, “अहो, पोहे गार झाले!” काका म्हणतात, “अजून केसभर आहे गं.”

शहागंजातल्या दुकानातले चाचा त्यांना कधीचे समजावतायत, “कायको ठोकते साब? नया रिम डालो ना, सस्ता पडता.” काका दुखावतात. स्टील वाकतं, सरळ होतं, पुन्हा वाकतं. ॲल्युमिनियम एकदा वाकवून सरळ केलं की पुढे कधी तडकेल याचा नेम नाही, असं व्याख्यान ते चाचांनाच देतात. पावसात ओल्या क्रोमवरून ब्रेकचं रबर सपशेल घसरतं, ही बाब मात्र व्याख्यानात येत नाही.

नजरेलाही आता आऊट शोधण्याचीच सवय लागलीय. मलिक अंबरच्या भडकल दरवाजासमोर काका एक डोळा मिटून उभे राहतात आणि कमान डावीकडे बसलीय का, ते बघतात. पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले, तर तासभर छताच्या पंख्याकडेच बघत होते. गृहस्थ फार विरक्त, असं मुलीकडच्यांना वाटलं. निघताना काका एवढंच म्हणाले, “एक पातं खाली आलंय.” तिथं लग्न जमलं नाही, पंखा मात्र त्यांनी जाऊन दुरुस्त करून दिला.

आणि सायकल चालवतं कोण? कोणीच नाही. रस्त्यावर नेली तर पुन्हा आऊट होईल. तूरडाळ आणायला काका स्कूटरवर जातात.

गेल्या पावसाळ्यात पुण्याचा भाचा आला. एकोणतीस इंची चाकं, डिस्क ब्रेक, किंमत ऐकून काकूंनी खुर्ची धरली. म्हैसमाळला जातो म्हणाला आणि दौलताबादच्या अलीकडेच खड्ड्यात पुढचं चाक चेपवून परतला. काकांनी चेहरा गंभीर ठेवला, पण हात आधीच चिमट्यातून चाक सोडवत होते. “ॲल्युमिनियम आहे रे,” डॉक्टरच्या सुरात ते म्हणाले, “ठेवून जा. बघतो.”

भाचा बसनं पुण्याला गेला. दिवाळी उलटली. फोनवर तो आधी मामींची तब्येत विचारतो, मग भीत भीत चाकाची.

“झालंच रे,” मामा सांगतात, “केसभर राहिलंय.”