खुंट कोनता, डोया कोनता?

शेंदूरजनाघाटात पाहुण्याला 'काय करता?' असं विचारत नाहीत, 'कलमा किती?' विचारतात. सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव जंभेरीच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधण्यात हयात घालवतं. त्यामुळे मुंबईहून आलेल्या माझ्या भाच्यानं 'मी अणुगर्भीय अभिक्रियांची प्रारूपं करतो, दुर्मीळ अस्थिर समस्थानिकांसाठी' असं एका दमात सांगितलं, तेव्हा ओट्यावरच्या आबाजींनी शांतपणे विचारलं, "खुंट कोनता, डोया कोनता?"

भाचा हसला. मला मात्र प्रश्न शास्त्रशुद्ध वाटला. खुंट पाण्यातला ऑक्सिजन-१८, डोळा प्रोटॉन. सायक्लोट्रॉनमधून सुसाट आलेला प्रोटॉन गाभ्यात घुसतो, एक न्यूट्रॉन बाहेर पडतो आणि होतं फ्लोरिन-१८. तेच ग्लुकोजसारख्या रेणूला जोडून पेट स्कॅनआधी कर्करोग्याला टोचतात.

"हजारात किती लागते?"

"एखादा. बाकीचे नुसतं पाणी तापवतात."

आबाजींची तंबाखूची चिमूट हवेतच थांबली. "हजारात एक? असा नर्सरीवाला म्या पाह्यला नाई बाप्पा!"

बरं, पाणीही साधं नाही. नेहमीच्या पाण्यातल्या ऑक्सिजनमध्ये हा अठरा नंबरवाला जेमतेम ०.२ टक्के, तो वेगळा काढून साठवलेलं पाणी भलतंच महाग. पाण्याची किंमत आमच्या वरुड तालुक्याला कोणी समजावू नये, म्हणून हा मुद्दा लगेच पटला. पटला नाही तो आयुष्याचा. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. नागपुराहून आमच्या गावाला गाडीनं दोन-अडीच तास. म्हणजे पिशवी न उघडता, कोणी हात न लावता, निम्म्याहून जास्त माल रस्त्यातच गायब. 'मग ट्रकवाल्यावर आळ घेता येत नसेल,' असं माझी बायको म्हणाली. संत्र्याच्या धंद्यातल्या घरची आहे ती.

म्हणून आधी गणित. प्रोटॉन सावकाश आला तर गाभ्याचा विद्युतभार त्याला दारातूनच परतवतो. फार जोरात आला तर एकाऐवजी दोन-तीन कण उडतात आणि भलतंच काही जन्माला येतं. कोणत्या ऊर्जेला कोणता कण किती वेळा बाहेर पडेल, हे टॅलिससारखे संगणक-प्रोग्रॅम काढून देतात. मग कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या पेलेट्रॉनसारख्या यंत्रांवर मोजमाप करून ते ताडून बघायचं.

या गणिताच्या मुळाशी नील्स बोरची १९३६ची कल्पना आहे: प्रोटॉन मुरला, गाभा एकजीव झाला की आपण कशातून झालो हे तो विसरतो.

"साफ खोटं," आबाजी म्हणाले. "जंभेरी इसरत नाई. डोयाखालून फुटवे काढतेच. खुडले नाई तं संत्रा मरते, जंभेरी उरते."

नोबेलवाल्या माणसाला ओट्यावरून खोटं ठरवलेलं पाहून मी भाच्याकडे बघितलं. तो खाली बघत होता. मग म्हणाला, "तसं... ऊर्जा जास्त असली तर काही कण विसर पडायच्या आतच निसटतात. त्यासाठी प्रारूपात वेगळा हिशेब घालावा लागतो."

"फुटवेच ते," आबाजी म्हणाले आणि चिमूट तोंडात टाकली.

चेव चढलेल्या भाच्यानं लिथियम-११ काढलं. तीन प्रोटॉन, आठ न्यूट्रॉन. त्यातले दोन न्यूट्रॉन इतके लांब हिंडतात की पसारा शिशाच्या २०८ कणांच्या गाभ्याएवढा. आयुष्य सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. आबाजींनी त्याची दखलच घेतली नाही. जे रोप पावती फाडेपर्यंत टिकत नाही, त्याबद्दल काय बोलायचं?

"टिकाऊ काही हाय का?"

आहे. मॉलिब्डेनम-९९ निम्मं व्हायला ६६ तास लागतात. वाशीच्या 'ब्रिट' या सरकारी संस्थेतून ते डबीत बंद होऊन दवाखान्यात जातं. त्यातून सतत टेक्नेशियम-९९एम तयार होत राहतं. ते सहा तासांत निम्मं होतं, म्हणून लागेल तसं दवाखान्यातच काढून घेतात.

आबाजी पहिल्यांदा सरसावून बसले. "हे पाय, हे अक्कलेचं काम! मातृवृक्ष धाडून द्या, डोये आमी इथं काढू."


मग भाच्याला जवळ बोलावून हळूच विचारलं, "अनुदान किती हाय त्याले?"