काकू किल्ल्यात राहून आल्या!

अहो, ऐकलंत का? जरा इकडे सरका, मोगऱ्याच्या बाजूनं. मोठ्यानं बोलायची सोय नाही. टूरवाल्या वहिनी वर गॅलरीत कपडे वाळत घालतायत आणि विषय नेमका त्यांचाच... म्हणजे त्यांचा नाही, बँकवाल्या काकूंचा. पण झोंबला यांना!

शुक्रवारच्या भिशीला तुम्ही आला नाहीत ना, तिथेच तर सगळं झालं. काका-काकू जर्मनीला लेकीकडे जाऊन आले यात नवीन काही नाही, चॉकलेटं घरोघर पोचलीत. पण ग्रुपवर काकूंनी तो फोटो टाकला होता बघा, मागे बुरूज, खाली नदी आणि मध्ये काका कानटोपी घालून उभे. तेव्हाच वहिनी मला लिफ्टमध्ये म्हणाल्या होत्या, "पॅलेस हॉटेल दिसतंय. लेक अजून शिकतेय आणि ही ऐट?" मी आपली गप्प. लिफ्टमध्ये मी कधी काही बोलत नाही, परवाच तो नवा कॅमेरा बसवलाय सोसायटीनं, त्याचा खर्च म्हणे... जाऊ दे. तर काय सांगत होते?

हां. भिशीत वहिनींनी विचारलंच. हातात पोह्यांची बशी, आवाज अगदी मधाळ. "काय हो काकू, त्या किल्ल्यातलं रात्रीचं भाडं किती?" आणि काकू शांतपणे म्हणतात, "माणशी चाळीसेक युरो. नाश्त्यासकट. हॉस्टेल आहे ते."

वहिनींचा चेहरा बघायला हवा होतात. आधी एकदम खुलला. सापडलं ना काहीतरी! "डॉर्मिटरीत राहिलात? या वयात? परक्या बायकांबरोबर?" पण मग हिशेब डोक्यात शिरला असावा. चाळीस युरो म्हणजे धरा चार हजार. आणि वहिनींच्या टूर-पॅकेजमधलं हॉटेल गावाबाहेर हायवेला, खिडकी उघडली की ट्रकांचं पार्किंग. हे त्यांनीच सांगितलं होतं मागे, रागाच्या भरात. चेहरा उतरला तो उतरलाच. पोह्यांवरचं खोबरं तेवढं चमच्यानं बाजूला करत बसल्या.

आता तुम्ही म्हणाल, लेकीकडे का नाही राहिले? अहो, ती माइन्झला शिकते, विद्यार्थ्यांची एक खोली, त्यात पलंग आणि टेबल. आईबापांना ठेवणार कुठे? आणि काकू मूळच्या युथ हॉस्टेलवाल्याच की. बँकेत असताना सार पासचा ट्रेक केलाय त्यांनी, कसोलच्या तंबूत राहून. ते तेव्हाचं कार्ड पर्समध्ये घालून घेऊन गेल्या जर्मनीला! मुदत केव्हाच संपलेली. काउंटरवरच्या पोरीनं ते उलटसुलट करून बघितलं, जाड भिंगांच्या चष्म्यातल्या काकू बघितल्या आणि आतून मैत्रिणीला बोलावून दाखवलं. दोघी हसल्या म्हणे, पण चांगल्या हसल्या. मग थोडे जास्त पैसे भरून पाहुणे म्हणून सभासद करून घेतलं. नाव युथ हॉस्टेल असलं तरी वयाचं काही नाही हो आता. आजीआजोबा असतात, तान्ही बाळं असतात.

किल्ला तो बाखाराखचा. श्टालेक म्हणतात त्याला. ऱ्हाईनच्या काठावर, माइन्झहून साध्या गाडीनं पाऊण तास. जर्मनीचा तो महिन्याचा पास आहे ना, २०२५ मध्ये ५८ युरोंना होता, त्यात देशभरातल्या साध्या गाड्या, ट्राम, बस सगळं आलं. फक्त लांबच्या फास्ट गाड्या नाहीत चालत. काकांनी तो पास इतका वसूल केला की शेवटी ट्राममध्ये उगीच दोन स्टॉप पुढे जाऊन परत येत होते.

पण बाखाराखला उतरल्यावर वरपर्यंत चढच चढ. पायऱ्या. वाटेत तांबड्या दगडाचं एक पडकं चर्च, नुसत्या उंच कमानी उभ्या, छप्पर नाहीच. दोन्ही अंगांना द्राक्षांचे मळे. आणि काकांनी कुणाचं न ऐकता मोठी ट्रॉलीबॅग आणलेली! लेक रागावलेली, काकू घामाघूम. तेवढ्यात वरून सहलीची पोरं उतरत आली, पाचवी-सहावीतली असतील. दोघांनी काही न विचारता बॅग दोन्हीकडून धरली आणि उलटी वर निघाली. काकांना वाटलं, गेली बॅग! "हॅलो, हॅलो" करत मागून पळत सुटले. वर पोचतायत तर बॅग दारात ठेवलेली आणि पोरं गायब. काकू सांगत होत्या, त्या चढात ते पहिल्यांदाच पळाले.

वर फाटकाशी माहिती लिहिलेली. काकांना तुम्ही ओळखताच, पाटी दिसली की वाचल्याशिवाय पाय हलत नाही. बाराव्या शतकातला किल्ला, १६८९ साली फ्रेंचांनी उडवून दिला. काका तिथेच थबकले. कानटोपी काढली. "अगं, त्याच साली आपला रायगड गेला." लेक म्हणाली, "बाबा, आधी चेक-इन करू या." पण काकूंनी मात्र भिशीत हे सांगताना आवाज जरा खाली आणला, खरं सांगते. दोनशे वर्षांहून जास्त तो किल्ला पडून होता आणि १९२५ पासून पुन्हा उभा केला तोही पोरांच्या हॉस्टेलसाठी. नाहीतर आपण! किल्ल्यावर मुक्काम म्हणजे देवळात नाहीतर गुहेत, आणि पाण्याच्या टाक्यात कुणीतरी टाकलेल्या बाटल्या. असो, तो विषय नको, माझं बीपी वाढतं.

तर आत गेल्यावर गंमत. सहलीमुळे फॅमिली रूम सगळ्या भरलेल्या. म्हणजे काकू आणि लेक बायकांच्या खोलीत, काका पुरुषांच्या! काकांचा चेहरा म्हणे असा झाला... त्यांना घरी पाणी प्यायचं तरी काकूंना हाक मारायची सवय. खोलीत गेले तर पलंगावर चादर, उशीचा अभ्रा आणि दुलईची खोळ घडी करून ठेवलेली. ती आपली आपण घालायची! तिथे रूम-बॉय वगैरे नाही, आणि आपली स्लीपिंग बॅग काढली तर तीही चालत नाही. काकांनी दुलईचं एक टोक खोळीत कोंबलं. दुसऱ्या टोकासाठी हात आत घातला, मग खांदा, मग डोकं. आणि डोकं घातल्यावर उजेड कुठून येतोय तेच कळेना. वरच्या पलंगावर एक डच आजोबा, सत्तरीचे, सायकलवर ऱ्हाईनच्या काठाकाठानं निघालेले. ते खाली उतरले, काकांना बाहेर काढलं आणि करून दाखवलं. खोळ आधी उलटी करायची, आतून हात घालून दुलईची दोन टोकं पकडायची आणि झटकायची, की खोळ आपोआप सुलट होऊन खाली येते. मी परवा आमच्या रजईवर करून बघितलं. होतं हो खरंच! इतकी वर्षं आपण काय करत होतो कोण जाणे.

रात्रीचं जेवण संध्याकाळी सहाला. सहाला! आपल्याकडे तेव्हा दुसरा चहा होतो. चहाही कसला, मोठ्या थर्मासातून पुदिन्याचा, दूध नाही, आलं नाही. काकांनी दुधाचं विचारलं तर वाढणारी बाई आत जाऊन गरम दूध घेऊन आली, वर हातानं खूण करून विचारलं की पुदिन्याच्या चहात ओतू का, खरंच ओतू का? काकांनी प्यायलं ते. आता काय करणार, एवढं आणून दिल्यावर. पण बाई चांगली. काकू मांस खात नाहीत म्हटल्यावर भाजीचं वेगळं ताट आणलं आणि सकाळी नाश्त्याला स्वतः येऊन कुठल्या थाळीला हात लावायचा नाही ते दाखवून गेली. ब्रेड, चीज, जाम, दही, सगळं मांडलेलं. काकूंनी लसणाची चटणी काढली डब्यातून. डच आजोबांनी ब्रेडला लोणी, लोण्यावर चटणी, आणि मग डोळ्यांतून पाणी काढत परत घेतली म्हणे.

झोपेचं तर विचारूच नका. नदीच्या दोन्ही काठांनी रेल्वे, रात्रभर मालगाड्या. पण काकू सांगतात, इतकी गाढ झोप लग्न झाल्यापासून लागली नव्हती. कारण कळलं ना? बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहितीय काकांचं घोरणं, उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्या की आमच्याकडेही... तर सकाळी काका लाल डोळ्यांनी आले आणि तक्रार कुणाची, तर आजोबांची! "रात्रभर घोरतो गं तो माणूस. माणसानं झोपायचं कसं?" काकू म्हणाल्या, "असं का? वाईट वाटलं ऐकून." अहो, भिशीत हसून हसून दोघींचे पोहे सांडले. वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. त्या मोबाईल बघत होत्या.

आणि मुख्य राहिलंच! नाश्ता झाल्यावर काका ताट तिथेच ठेवून उठले, सवयीनं. तर मागून कुणीतरी शर्ट ओढला. कालच्या बॅगवाल्यांपैकीच एक पोरगं. काही बोललं नाही, नुसतं बोट दाखवलं. कोपऱ्यात ट्रॉली होती, सगळे आपापली ताटं तिथे नेऊन ठेवत होते. चमचे वेगळे, उष्टं वेगळं. काका मुकाट्यानं गेले. परत आले तर त्या पोरानं फडकं हातात दिलं, टेबल पुसायला. काकूंनी त्याचा व्हिडिओ काढलाय. मला दाखवला, तुम्हालाही दाखवतील, फक्त काका घरी नसताना जा. निघताना चादरी-अभ्रे काढून टोपलीत टाकायचे, तेही काकांनी न सांगता केलं.

मग लेकीनं म्हणे त्यांना आल्टेनाला नेलं. ते शिरमान मास्तर हो, ज्यांच्यामुळे ही युथ हॉस्टेलं सुरू झाली, त्यांचं गाव. १९०९ चा ऑगस्ट, मास्तर शाळेची पोरं घेऊन पायी सहलीला निघालेले, आल्टेनाहून आखेनला. वाटेत असं वादळ झालं की एका खेड्यातल्या रिकाम्या शाळेत शिरावं लागलं. कुणी शेतकऱ्यानं पेंढा दिला, दूध दिलं. पोरं झोपली आणि मास्तर जागे. सुट्टीत गावोगावच्या शाळा अशा रिकाम्याच तर पडलेल्या असतात, तिथे पोरं का राहू नयेत? एवढाच विचार. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात कायमचं हॉस्टेल झालं, जगातलं पहिलं. जुन्या खोल्या, ते दणकट लाकडी पलंग अजून आहेत, म्युझियम केलंय. काकांना सगळ्यात काय आवडलं माहितीय? लिफ्ट! डोंगराच्या पोटातून थेट किल्ल्यावर नेते, २०१४ पासून. बाखाराखच्या पायऱ्यांनंतर काका त्या लिफ्टला हात जोडायचेच बाकी होते.

पण काकूंनी मास्तरांची दुसरी गोष्ट सांगितली ना, तेव्हा भिशीत चमच्यांचाही आवाज थांबला. पहिलं महायुद्ध, १९१५ चा नाताळ, फ्रान्सकडचे व्होज डोंगर. मास्तर जर्मन सैन्यात. समोर फ्रेंच. घंटा वाजल्या आणि दोन्हीकडच्या शिपायांनी गोळीबारच बंद केला. जुन्या भुयारांतून एकमेकांकडे जाऊन आले, यांच्याकडचा काळा पाव आणि बिस्किटं त्यांना, त्यांच्याकडची वाइन आणि सिगरेटी यांना. तेव्हापासून मास्तरांच्या डोक्यात बसलं की सगळ्या देशांच्या पोरांना एकत्र राहायला जागा पाहिजेत. १९३२ मध्ये ॲम्स्टरडॅमला देशोदेशीच्या हॉस्टेलांची संघटना झाली, तिचे अध्यक्षही तेच झाले. मग हिटलरच्या लोकांनी हॉस्टेलं ताब्यात घेतली आणि मास्तरांना बाहेर काढलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर म्हाताऱ्यानं पुन्हा सुरुवात केली! काकू म्हणाल्या, "त्या फ्रेंचांनीच तर श्टालेक उडवला होता, आणि आमच्या खोलीत खालच्या पलंगावर फ्रेंच मुलगी होती. माझ्या गुडघ्यांकडे बघून स्वतः उठली आणि वर गेली."

आता खरी बातमी सांगते, पण माझं नाव नको. काल सकाळी मी वाटी परत द्यायला काकूंकडे गेले. काका जेवून उठले, ताट उचललं, उष्टं काढलं, सिंकमध्ये ठेवलं आणि फडकं घेऊन टेबल पुसलं. माझ्या डोळ्यांदेखत! मी घरी येऊन यांना सांगितलं तर हे म्हणतात, "जर्मनीचं पाणी वेगळं असतं." आणि ताट तिथेच. ते सोडा.

भिशीचा नंबर या वेळी कुणाला लागला? टूरवाल्या वहिनींना! सगळ्या निघाल्या, चपला घालत होत्या. वहिनी मागे रेंगाळल्या. मी तिथेच होते, चपलेचा बंद नीट लागत नव्हता ना माझा. इकडेतिकडे बघून हळूच काकूंना म्हणतात, "अहो, तिथे खालचा पलंग मागून मिळतो का हो?"

काकू म्हणाल्या, "मिळतो की. पण खोळ आपली आपण घालायची."