तासाचं रेटिंग

माझा भाचा मालाडला आयटीत नोकरी करतो आणि आमच्याकडे विरारला राहतो. लग्न अजून ठरायचंय, पण हप्ते सुरू झालेत. लॅपटॉपचे. साधा लॅपटॉप नव्हे, गेमिंगचा. मागे दोन जाळ्या, बाजूंना दोन, आणि चार्जरच एवढा जड की विरार फास्टमध्ये वरच्या फळीवर ठेवला तर खाली बसणाऱ्याने आधी विमा उतरवावा.

एवढा पैसा मोजून घेतलेलं यंत्र कंपनीने ठरवलेल्या वेगाने चालवणं त्याला कमीपणाचं वाटतं. रविवारी सकाळी आंघोळीआधी तो आफ्टरबर्नर नावाचं सॉफ्टवेअर उघडतो. त्यात एक पट्टी ग्राफिक्स कार्डाच्या गाभ्याच्या वेगाची, एक मेमरीच्या वेगाची. पट्टी उजवीकडे सरकवायची, कार्डाला अवघड चाचणीला बसवायचं, पडद्यावर हिरवे ठिपके नाचायला लागले की थोडं मागे यायचं. नाही नाचले, तर आणखी उजवीकडे. एवढ्या खटपटीनंतर सेकंदाला चाळीस चित्रं दिसायची तिथे चव्वेचाळीस दिसतात. मी चष्मा पुसून पाहिलं. ती वरची चार मला सापडली नाहीत.

माझी हयात रेल्वेच्या विद्युत खात्यात गेली. लोकलच्या ट्रॅक्शन मोटरला दोन रेटिंग असतात, एक अखंड चालण्याचं आणि एक तासाचं. तासाचं रेटिंग मोठं असतं. म्हणजे तेवढा वेळ मोटर जास्त भार ओढते, पण पुढे तोच भार चालू ठेवला तर आतलं वेटोळं तापून इन्सुलेशन जातं. मोटर ओढायला तयारच असते, तिला थांबवते ती उष्णता. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, तू डीसीच्या जमान्यातला. हे वेगळं असतं." मी गप्प बसलो. गप्प बसण्याचंही माझं रेटिंग तासाचंच आहे.

आमच्या हिचा मात्र या उद्योगाकडे बघण्याचा दृष्टिकोन फार विधायक. आम्ही आगाशी रस्त्याला राहतो. आगाशीकडची राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की त्यांची सुकेळी होतात, हे वसईच्या माणसाला सांगायला नको. एका रविवारी आभाळ भरलेलं होतं. हिने केळ्यांचं सूप उचललं आणि सरळ लॅपटॉपच्या मागच्या जाळीसमोर आणून ठेवलं. "नाहीतरी वाफ फुकटच चाललीय!" भाचा संतापला. पण केळ्यांचा रंग बदलायला लागला होता, हे मी स्वतः पाहिलंय.

आणि पडद्यावर काय, तर बर्फ. 'रेड डेड रिडेम्प्शन 2' हा खेळ 1899 सालातल्या अमेरिकेत घडतो आणि त्याची सुरुवातच गुडघाभर बर्फात होते. घोडे वाफा सोडतायत, माणसं कुडकुडतायत, आणि ते थंडगार दृश्य रंगवणारं कार्ड नव्वद अंशांच्या घरात. बाहेर विरारचा जून, हवा अशी की टॉवेल वाळण्याऐवजी ओला होतो. घरातल्या सगळ्यांत गार फक्त तो खेळातला घोडा.

अशात कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, म्हणजे ड्रायव्हरचं अपडेट आलं. भाच्याने ते श्रद्धेने टाकलं, कारण सोबत वेग वाढल्याचं आश्वासन होतं. खेळ सुरू केला, घोडा चार पावलं चालला आणि पडदा काळा. पुन्हा सुरू केला, पुन्हा काळा. ग्राफिक्स कार्डाने उत्तर दिलं नाही तर विंडोज दोन सेकंद वाट पाहते आणि मग ड्रायव्हर नव्याने सुरू करते. चौकशी नाही, आरोपपत्र नाही, निलंबन आणि फेरनियुक्ती एका दमात! आमच्या खात्यात याला दोन वर्षं लागायची.

कारण साधं होतं. नवा ड्रायव्हर कार्डाकडून जरा वेगळ्या पद्धतीने काम घेतो. जुन्या ड्रायव्हरवर अगदी काठावर टिकलेलं सेटिंग नव्यावर टिकेलच असं नाही. पट्टी शून्यावर आणली की झालं. पण पट्टी शून्यावर आणणं म्हणजे भाच्याच्या मते शरणागती. त्याने मला 2015 चा इतिहास ऐकवला, पानिपत सांगावं त्या आवाजात.

तो इतिहास मात्र खरा आणि ऐकण्यासारखा आहे. त्या वर्षाच्या सुरुवातीला कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने लॅपटॉपच्या 900 मालिकेतल्या कार्डांचं ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे हेच पट्टी उजवीकडे सरकवणं, बंद केलं. लोकांनी विचारलं, तर कंपनीचं म्हणणं असं, की लॅपटॉप त्यासाठी बनवलेलेच नाहीत, आतली उष्णता आणि वीज मोजूनमापून ठरवलेली असते, आणि आजवर पट्टी सरकत होती ती ड्रायव्हरमधल्या चुकीमुळे. त्यावर जगभर एवढी बोंब झाली की फेब्रुवारीतच कंपनीला माघार घ्यावी लागली. पुढच्या महिन्याच्या ड्रायव्हरमध्ये सोय परत देऊ, तोवर घाई असेल त्यांनी जुन्या 344.75 वर जावं, असं सांगण्यात आलं.

मला यात दोन्ही बाजू पटतात, आणि याचाच भाच्याला राग येतो. उष्णतेबद्दल कंपनी बोलली ते खोटं नव्हतं. पण विकलेल्या वस्तूतली चालू सोय एका अपडेटने गुपचूप काढून घ्यायची, हे बरोबर नाही. माझी वस्तू मी तापवीन, जळली तर हप्ते मीच भरीन.

त्याच दिवशी दुपारी वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर आला आणि कार्डाने आपणहून मान टाकली. बॅटरीवर त्याला पुरेशी वीज मिळतच नाही, पट्टी कुठेही ठेवा. आमचा इन्व्हर्टर दोन पंखे आणि एक ट्यूब एवढ्याच ऐपतीचा. तेव्हा शांतता झाली आणि मी पुन्हा उष्णतेचा विषय काढला.

संध्याकाळी आम्ही लॅपटॉप नालासोपाऱ्याला एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने मागचं झाकण काढलं आणि पंख्याच्या तोंडावरून चिमट्याने एक करडी गादी उचलली. आमच्या आसपास बारा महिने इमारती उठत असतात. त्यांची धूळ, समुद्राकडचा दमटपणा आणि भाच्याच्या मांजरीचे केस, असा तो त्रिवेणी संगम होता. चिपची उष्णता बाहेर पोचवणारी थर्मल पेस्ट वाळून खपली झाली होती. त्याने ती खरवडली, नवी लावली. घरी येऊन पट्ट्या शून्यावर ठेवून खेळ चालवला, तर तापमान दहा-बारा अंशांनी उतरलेलं आणि वेग ओव्हरक्लॉक केलेल्या आदल्या रविवारपेक्षा किंचित जास्तच. इतके दिवस कार्ड तापून स्वतःच वेग कमी करत होतं आणि हा पट्टी उजवीकडे ढकलत होता.

भाच्याने हार मानली नाही, दिशा बदलली. आता तो अंडरव्होल्ट करतो, म्हणजे वेग तोच, व्होल्टेज कमी. मी म्हटलं, आम्ही तर उलटं केलं. पश्चिम रेल्वेने 1500 व्होल्ट डीसी काढून 25000 व्होल्ट एसी आणला, 2012 मध्ये चर्चगेटपासून विरारपर्यंत ते काम पुरं झालं. व्होल्टेज वाढलं की करंट कमी लागतो, तारेतला ऱ्हास घटतो. तो म्हणाला, "मामा, तारेचं ठीक आहे. चिपमध्ये व्होल्टेज वाढवलं की उष्णता वर्गाच्या प्रमाणात वाढते." हे त्याचं बरोबर आहे. मी वहीत लिहून ठेवलं.

तुमच्या घरी असा भाचा असेल तर त्याला अडवू नका, ऐकणार नाही. एवढंच सांगा, की ड्रायव्हर बदलण्याआधी पट्ट्या शून्यावर आण, जुन्या ड्रायव्हरची फाईल जपून ठेव, आणि सगळ्यांत आधी पंखा साफ करून घे. वसई-विरारमध्ये राहत असाल, तर वर्षातून दोनदा.